वही कुणाची?

संशोधन हा शब्द मोठा भारदस्त आहे. तो उच्चारला की अनोळखी माणूसही दार उघडतो आणि विचाराल ते सांगतो. डिचोली तालुक्यातले सर्वण हे माझे आजोळ. महाविद्यालयाच्या प्रकल्पासाठी आजारपण आणि गावठी औषधे यांची माहिती मी तिथे घरोघर फिरून गोळा केली. पडवीत बसवून, कोकमाचे सरबत देऊन, लोकांनी इतके सांगितले की त्यातले पुष्कळसे इथे लिहिण्याजोगे नाही. एका वृद्ध मावशीने मात्र मध्येच विचारले, "बरयता गो तूं, पूण वाचतलो कोण?"

नाव गाळले की काम झाले, असा आपला समज असतो. पण खेड्यात माणूस नावाने थोडाच ओळखला जातो! 'निवृत्त शिक्षिका, मधुमेह, घर देवळामागे' एवढे लिहा, सारा वाडा बोट दाखवील. शहरातही तीच गत. 1990च्या दशकात अमेरिकेत लटान्या स्वीनी या विद्यार्थिनीने नावे काढलेल्या वैद्यकीय नोंदी घेतल्या आणि 20 डॉलरना केंब्रिज शहराची मतदारयादी विकत आणली. जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड ताडून पाहताच मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांच्या नोंदी तिच्या हाती लागल्या.

आपल्याकडे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. 2023 साली संसदेने डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा केला. त्यात संशोधनाला सवलत आहे. मात्र त्या माहितीवरून त्या विशिष्ट व्यक्तीविषयी निर्णय घेता कामा नये आणि ठरवून दिलेले दंडक पाळले पाहिजेत. शिवाय हा कायदा संगणकात चढलेल्या माहितीपुरता आहे. कागदाच्या वहीची राखण करायची ती आपली आपणच.

म्हणून मी नावांची यादी वेगळी काढून कुलपात ठेवली. वहीत फक्त क्रमांक लिहिले, वयाऐवजी वयोगट घातला. वही मी आणि माझे मार्गदर्शक एवढेच वाचू, असे मावशींना सांगितले. नको असेल ते खोडायला सांगा, असेही म्हटले. त्यांनी दोन ओळी खोडायला लावल्या. पुढे औषधांच्या धंद्यातल्या एका गृहस्थांनी मधुमेह्यांची यादी मागितली. "त्यांच्याच भल्यासाठी," असे त्यांचे म्हणणे. भले असेलही, पण लोकांनी ती माहिती त्यांना दिलेली नव्हती. मी नकार दिला.

मित्रहो, निष्कर्ष सर्वांचे असतात. माहिती मात्र ज्याची त्याचीच राहते, आपण तिचे केवळ राखणदार. यंदाच्या सुट्टीत आपल्यातले कितीतरी जण प्रश्नावली घेऊन गावोगाव जातील. ही वही कोण वाचणार, कुठे राहणार आणि केव्हा फाडली जाणार, हे पहिला प्रश्न विचारण्याआधी ठरवून घ्यावे आणि समोरच्या माणसाला त्याच्या भाषेत सांगावे. मग तो कन्नड बोलो, कोकणी बोलो की मराठी.