दाजींच्या गोळ्यांना हात लावू नकोस

प्रिय अक्का,


तुझ्या अंडाशयावर चॉकलेट सिस्ट आहे, म्हणजे एंडोमेट्रिओसिस, हे एकदाचं कळलं. इतकी वर्षं ‘बाईला दुखायचंच’ म्हणून सगळ्यांनी तुला गप्प बसवलं, त्याचा राग वेगळा. पण मोबाइलवर आलेला मजकूर वाचून तू दाजींच्या युरिक अॅसिडच्या औषधातलं कोल्चिसिन घ्यायचं म्हणतेस, म्हणून घाईनं लिहितेय.

कल्पना खुळी नाही. या आजारात गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर भलत्याच जागी रुजतो आणि पाळीबरोबर सुजतो. कोल्चिसिन सूज आणणाऱ्या पांढऱ्या पेशींना रोखतं, पेशींचं विभाजनही अडवतं. म्हणून उंदरांवर प्रयोग झाले. अमेरिकेनं 2023 मध्ये हृदयविकारासाठी त्याला मान्यताही दिली. तुझ्या दुखण्यासाठी मात्र अजून मान्यता नाही. खानापूरकडे पावसाळ्यात कुंपणावर कळलावी फुलते ना, तिच्या विषारी कंदात हेच द्रव्य असतं. गोळी थोडी जास्त झाली की आधी उलट्या-जुलाब, मग रक्तपेशी घटतात, जीवही जातो. सोबत क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक चालू असेल तर धोका आणखी वाढतो.

जुनं औषध बायकांच्या कामी कसं आणायचं, ते आपल्याच जिल्ह्यानं दाखवलंय. मिसोप्रोस्टॉल ही मूळची पोटातल्या अल्सरची गोळी. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव ती टाळते का, हे बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या डॉ. कोडकणी, डॉ. गौडर यांनी अमेरिकन सहकाऱ्यांबरोबर 2002 ते 2005 या काळात तपासलं. मोठ्या दवाखान्यात नव्हे, प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या हद्दीतल्या खेड्यांत, नर्सबाईंच्या हातून. 1620 बायका होत्या. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची. जास्त रक्तस्रावाचं प्रमाण 12 टक्क्यांवरून 6.4 टक्क्यांवर आलं. 2006 मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं, आणि 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं या कामासाठी ती गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. बिडी वळणाऱ्या, शेतात राबणाऱ्या बायकांच्या भागातून निघालेला हा पुरावा आहे. त्याची बढाई आपण मारत नाही, मारायला हवी.

जगात 19 कोटींच्या आसपास बायकांना तुझा आजार आहे. त्यांच्यासाठी कोल्चिसिनची अशी रीतसर चाचणी जरूर व्हावी. तोवर डॉक्टरांना डायनोजेस्टबद्दल, हार्मोनच्या कॉपर-टीसारख्या साधनाबद्दल विचार. कुणी लगेच ‘पिशवी काढून टाका’ म्हणालं तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखव. पिशवीबाहेर रुजलेलं त्यानं आपोआप जात नाही. आणि पुढे कधी कुणी चाचणीत घेतो म्हणालं, तर संमतीपत्र मराठीत माग, वाचल्याशिवाय सही करू नकोस. येत्या आठवड्यात बेळगावला ये, मी सोबत येते. जुने सगळे रिपोर्ट घेऊन ये.

तुझी,
धाकटी