समुद्र नसलेल्या गावच्या सहली

नागपूरकराला समुद्राचं भारी वेड. दिवाळी संपते न संपते तोच गोव्याची तिकिटं निघतात, आणि परत आल्यावर महिनाभर तर्री पोह्यांच्या ठेल्यावर लाटांच्या गोष्टी चालतात. झिरो माइलचा दगड मिरवणाऱ्या गावाची ही जुनीच हळहळ आहे. कुठल्याही किनाऱ्याकडे निघा, वाट लांबच. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा पुरा झाला, पण तो जिथे संपतो तिथूनही समुद्र आणखी पुढेच राहतो.

मला मात्र ही हळहळ पटत नाही. समुद्र आपल्याकडे दरवर्षी न चुकता येतो. जूनच्या मध्यावर रामटेकच्या गडावर जाऊन उभं राहावं. नागपूरहून पन्नासेक किलोमीटर, सकाळी निघून दुपारच्या जेवणाला घरी येता येतं. कालिदासाच्या यक्षाचा रामगिरी तो हाच, असं वा. वि. मिराशींनी पुराव्यानिशी मांडलं. दुसऱ्या डोंगरांचेही दावे आहेत, पण आम्ही ते कानांवर घेत नाही. खाली अंबाळा तलाव, पलीकडे खिंडसीचं पाणी, आणि वर बंगालच्या उपसागरावरून आलेलं काळं आभाळ. लोक या वेळी भजी कुठे मिळतील ते शोधत असतात. गडावरची केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह ही वाकाटकांच्या काळातली देवळं तर बहुतेक जण न थांबता ओलांडतात. दीड हजार वर्षांचं बांधकाम आणि सेल्फीलाही कोणी नाही!

ते आलेलं पाणी अडवायची विद्या पूर्व विदर्भाला चांगली अवगत होती. भंडारा-गोंदियाकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना तलाव, बोड्या, धानाच्या बांध्या सुरू होतात. कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या हे तलाव बांधले. नवेगाव बांधचा अफाट तलाव अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी डोंगरांमधल्या फटी बुजवून उभा केला, असं तिथे सांगतात. मालगुजारी गेली आणि तलाव सरकारच्या कागदावर ‘माजी मालगुजारी’ म्हणून चढले. गावात त्यांना मामा तलाव म्हणतात. मारुती चितमपल्लींनी नवेगावला वनाधिकारी असताना या पाण्याचे पक्षी आणि मासेमार ढिवरांची बोली वहीत टिपली, त्यातून मराठीला रानाचे कितीतरी शब्द मिळाले. हिवाळ्यात तिथे जावं. वाटेत गोंदियाच्या धानात सारसांची जोडी दिसली तर गाडी थांबवावी, पण खाली उतरू नये. महाराष्ट्रात हा पक्षी आता जवळपास एवढ्याच मुलखात उरला आहे.

आणि जंगल? कोकण पाहून आलेला माणूस एप्रिलमध्ये पेंचला गेला की तोंड वाकडं करतो. ‘सगळं वाळलंय!’ वाळलेलं नाही, झाडांनी हिशेब केला आहे. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आपल्या वाट्याला हजार-अकराशे. एवढ्या पाण्यावर बारा महिने पानं पोसणं झाडाला परवडत नाही, म्हणून ती टाकून द्यायची. साग उघडा पडतो, ऐन आणि धावडा उघडे पडतात, आणि मग इतके दिवस पानांनी झाकलेलं सगळं दिसू लागतं. उतारावर एखादाच कुलू उभा असतो, पांढराफटक, खोडावरून कागदासारखे पापुद्रे सुटलेला. उन्हात तो गुलाबी झाक मारतो, चांदण्यात म्हणे चांगल्या चांगल्यांची भंबेरी उडवतो.

याच दिवसांत मोह गळतो. फुलं पहाटे पडतात, म्हणून वेचणाऱ्या बाया अंधारातच घर सोडतात. पर्यटकांच्या जिप्सी फाटकाकडे निघतात तेव्हा त्यांच्या टोपल्या निम्म्या भरलेल्या असतात. फूल साईच्या रंगाचं, बोटाच्या पेरापेक्षा लहान, आतून पोकळ आणि रसरशीत. जिभेवर आधी गोड लागतं, मग एक उग्र वास नाकात चढतो आणि तो दुपारपर्यंत जात नाही. सिल्लारीकडच्या रस्त्यावर एका मावशींनी ओंजळभर फुलं पुढे केली. ‘खाऊन पाहा नं जी.’ मी फूल चावत, जंगलात गेलेल्या माणसाने विचारू नये तोच प्रश्न विचारला, ‘मावशी, वाघ दिसतो का इकडे?’ त्या हसल्या नाहीत. ‘आमी चार बाया मिळून येतो जी, तो दिसू नाई म्हणून.’

मोह आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात चंद्रपूर-भंडाऱ्याकडे वाघाच्या हल्ल्यात माणसं जातात, त्यात वेचायला गेलेल्या बायाही असतात. एकाच पहाटे, एकाच रस्त्याने, आपण तो दिसावा म्हणून पैसे भरतो आणि त्या तो दिसू नये म्हणून देवाला हात जोडतात. जिप्सीत बसल्यावर वाघ दिसला नाही म्हणून गाइडवर चिडणाऱ्यांना हे कोणीतरी सांगायला हवं.

पेंचमध्ये आणखी एक गोष्ट कळते. तोतलाडोहचं पाणी पुढे नवेगाव खैरीच्या धरणात येतं आणि तिथून नागपूरच्या नळाला. आपण ते पितो, वापरतो आणि नाग नदीत सोडतो. नाग कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि हा संगम जिथे होतो ते आंभोरा नागपूरकरांचं अलीकडचं लाडकं सहलीचं ठिकाण. वैनगंगा, कन्हान, आम, मुर्झा आणि कोलारी या पाच नद्या इथे एकत्र येतात. टेकडीवर चैतन्येश्वराचं देऊळ. मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’ इथेच लिहिला असं आम्ही मानतो, अंबाजोगाईवाले मानत नाहीत. आता नदीवर केबलचा देखणा पूल झाला आहे, त्याच्या उंच खांबातल्या गॅलरीतून चहूकडे पाणीच पाणी दिसतं.

ते पाणी नदीचं नाही, गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्याचं आहे. १९८८ मध्ये त्या धरणाची पायाभरणी झाली, आणि ज्यांची गावं पाण्याखाली गेली त्यांची भांडणं आजही मिटलेली नाहीत. संध्याकाळी पाण्याचा रंग तांबूस होतो आणि सगळ्यांचे मोबाइल वर जातात. ‘समुद्रच वाटतो नाही?’ असं कोणीतरी म्हणतंच. नातं खरंच आहे. हेच पाणी पुढे प्राणहितेत, मग गोदावरीत आणि शेवटी उपसागरात जातं, जिथून ढग निघाले होते तिथेच. फक्त आलं होतं तसं आपण ते परत पाठवत नाही. शहराचं पुरतं शुद्ध न केलेलं सांडपाणी नाग नदीतून याच फुगवट्यात उतरतं, आणि काठावरच्या ढिवरांची जाळी याच पाण्यात पडतात.

म्हणून पुढच्या रविवारी पोरांना घेऊन आंभोऱ्याला जाणार असाल, तर आधी तासभर काढून अंबाझरीच्या सांडव्यापासून पारडीपर्यंत नागेच्या काठाने गाडी न्या. काच उघडी ठेवा.