उपासमारीतील किण्व

किण्वाच्या पेशींना उपाशी ठेवणे हा माझा नित्याचा व्यवसाय आहे, आणि त्याच्या आधारे मी असे म्हणेन की, पेशीचा अंतर्गत कारभार सुबत्तेच्या काळात जितका झाकलेला राहतो, तितकाच तो टंचाईत उघडा पडतो. पोषक द्रावणातून काढून, जुन्या अन्नाचा अंशही उरू नये इतक्या कसोशीने धुतलेल्या पेशी नत्रहीन द्रावणात सोडल्या की त्या वाढ तहकूब करतात, आणि आपल्याच द्रव्याचा काही भाग, फारशी निवडानिवड न करता, दुहेरी पटलांच्या आवरणात गुंडाळून रिक्तिकेच्या स्वाधीन करतात. तेथे प्रथिनांचे विघटन होऊन सुटलेल्या अमिनो आम्लांवर त्यांचा निर्वाह चालतो.

या स्वभक्षणाला क्रिस्तियाँ द द्यूव्ह यांनी १९६३ साली ‘ऑटोफॅजी’ हे नाव दिले खरे, परंतु ते कोणत्या जनुकांच्या हुकुमाने चालते हे त्यानंतरही दीर्घकाळ अज्ञात राहिले. १९८८ साली टोकियो विद्यापीठात स्वतंत्र प्रयोगशाळा मांडणाऱ्या योशिनोरी ओसुमी यांनी जी तजवीज केली, तिच्याविषयीचा माझा आदर वर्षागणिक वाढतच गेला आहे: रिक्तिकेतील प्रथिनभंजक विकरच ज्यांत नाहीत अशा पेशी त्यांनी उपाशी ठेवल्या, त्यामुळे आत आलेला ऐवज नष्ट होईना, आणि अवघ्या काही तासांत रिक्तिका वाटोळ्या पिंडांनी भरून गेली. ते पिंड साध्या प्रकाश-सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात; इतकेच नव्हे, तर रिक्तिकेतील पातळ द्रवात ते अविरत थरथरत, एकमेकांवर आदळत असतात, आणि सरावलेला डोळा त्यांना आकारापेक्षा या चांचल्यावरूनच आधी ओळखतो. स्थिर छायाचित्रात हे चांचल्य उतरत नाही.

मग ज्या उत्परिवर्तित पेशींत पिंड साचत नाहीत त्या शोधणे एवढेच उरले. एकेरी गुणसूत्रसंचाच्या किण्वात बिघडलेल्या जनुकाची उणीव भरून काढणारी दुसरी प्रत नसल्यामुळे दोष लपत नाही. अशा पेशी उपासमारीत लवकर मरतात, हेही त्या शोधात उपयोगी पडले. १९९३ साली ओसुमी आणि त्सुकादा यांनी पंधरा जनुके नोंदविली, आणि त्यांपैकी अनेकांचे सगोत्र मानवी पेशींतही सापडले. २०१६ चे नोबेल पारितोषिक ओसुमींना एकट्यांना मिळाले, ते मला सर्वथा यथायोग्य वाटते.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की चकाकती प्रथिने आणि स्वयंचलित मापने हाती घेण्यापूर्वी त्यांनी उपाशी किण्वाची एक जिवंत काचपट्टी स्वतः, सावकाश पाहावी.