दोर आणि गाडा

अमेरिकेत शिकार म्हणजे श्रीमंतांची चैन, असा आपल्याकडे समज आहे. मी तिथे पेनसिल्व्हेनिया राज्यात वेल्डर म्हणून काम करतो. नोव्हेंबरअखेर हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडला की आमच्या कारखान्यातले निम्मे लोक रजेवर जातात, आणि ते सगळे आपल्यासारखेच मजुरीवर जगणारे. एका हरणाचे वीस-बावीस किलो मांस फ्रीजरमध्ये पडले की घरचा हिवाळा निभावतो. हे मांस विकायला बंदी आहे. खायचे, नाहीतर वाटायचे. आपल्या देशात १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली, ती योग्यच झाली. इथे मात्र परवाना देऊन, हंगाम ठरवून शिकार होते.

माझा शेजारी साठीचा, गुडघ्याने अधू. अ‍ॅलेघेनीच्या राष्ट्रीय वनात कित्येक रस्त्यांना फाटक लावून मोटारी बंद केल्या आहेत. फाटकाजवळ माणसांचीच गर्दी, हरिण पार आत. म्हणून त्याने जाड टायरची माउंटन बाइक घेतली. तिला आवाज नाही, पेट्रोलचा वास नाही. पहाटे चारला निघाले की उजाडायच्या आत पाच-सहा किलोमीटर आत. बंदूक रिकामी करून खोळीत बांधलेली, अंगावर कायद्याप्रमाणे २५० चौरस इंच नारिंगी कापड.

जाणे सोपे. साठ किलोचे हरिण आतडी काढल्यावरही पंचेचाळीसच्या पुढे भरते, आणि ते परत आणायचे असते. पूर्वी तो दोर बांधून ओढत आणायचा.

तो दोर पाहिला आणि मला माझे आजोबा आठवले. गावातले मेलेले ढोर ओढून नेणे हे त्यांच्या माथी मारलेले काम. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा म्हणून सांगितले. पुढे आमच्या वस्तीनेही दोर टाकला, आणि त्याबद्दल मारही खाल्ला. इथे फोरमनसुद्धा आपले हरिण आपणच ओढतो. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये त्याच्या शेजारी बसायला कोणी कचरत नाही. हे पाहून मला बरे वाटले की राग आला, ते अजून सांगता येत नाही.

शेजाऱ्याला गाडा मी करून दिला. मुलांच्या जुन्या सायकलींची दोन चाके, पाइपची चौकट, मागच्या एक्सलला अडकणारा दांडा. एकचाकी गाडा अरुंद वाटेवर चांगला, पण तीस-बत्तीस किलोच्या वर त्यात घालू नये. दोनचाकी अख्खे हरिण पेलतो, फक्त खुंटांना अडकतो. वजन चाकांच्या किंचित पुढे ठेवावे. मागे गेले तर दांडा सायकलचे मागचे चाक उचलू पाहतो. खरा धोका उतारावर. तिथे गाडाच सायकलला ढकलतो, आणि रबराचे ब्रेक ओल्या रिमवर घसरतात. म्हणून डिस्क ब्रेकच हवा, असा मी हट्ट धरला. मोठा उतार आला की तरीही उतरून चालावे.

याच वनातला हिकरी क्रीकचा भाग १९८४ पासून निव्वळ रान म्हणून राखलेला आहे. १९६४ च्या कायद्याने तिथे सायकल नाही, गाडाही नाही. चाकाची खुर्ची तेवढी चालते. शेजारी यावर कुरकुरतो. मला नियम पटतो. एखादी जागा चाकाविना असावी.

गेल्या हंगामात त्याचा गुडघा पार सुजला, तेव्हा गाडा ओढायला मी गेलो. मी पंचशील घेतले आहे, बंदुकीला हात लावत नाही, हे त्याला ठाऊक आहे. मारले त्याने, ओढले मी. यात माझा वाटा किती, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारले. फोनवर नागपूरला आईला सांगितले, तर ती गप्पच झाली.

"आज्यानं दोर टाकला, अन् तू गाडा जोडला, बाबू?"

"आई, नाही म्हटलं असतं तर कोणी मारलं नसतं मला. त्याला चालता येत नव्हतं, म्हणून गेलो."

"पैसे घेतले का?"

"नाही."

"मांस?"

"तेही नाही."

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "उतारावर जपून. ब्रेक पाहून घेत जा."

ब्रेकचे पॅड मी यंदा बदलले आहेत. दांड्याच्या खिट्टीला एक जादा साखळी लावायची राहिली आहे.