पश्चिमेकडची साल

आमच्या मोसंबीच्या बागेत पश्चिमेकडे तोंड करून चालत गेलं, की झाडांची खोडं साधी, गुळगुळीत दिसतात. बांधापर्यंत जाऊन त्याच वाटेने परत फिरलं, की तीच खोडं निराळी होतात. गुडघ्याच्या उंचीपासून वर व्रणच व्रण. कुठे साल आत दबून कडा वर आलेल्या, कुठे डिंक वाळून काळा पडलेला. नवा माणूस विचारतो, हा कसला रोग? माझे वडील, दादा, सांगतात, "रोग नाही. २०१४."

बाग पाचोडजवळ आहे, बीडकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडी आत. दोन एकर, दोनशे वीस झाडं, रंगपूर लिंबाच्या खुंटावर डोळा भरलेली न्यूसेलर मोसंबी. मी शहरात एका शाळेत भूगोल शिकवत होते. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, म्हणून मार्चच्या पहिल्या आठवड्यात रजा टाकून माहेरी आले होते.

त्या दिवसाबद्दल सांगण्याआधी त्याच्या मागचं वर्ष सांगायला हवं, नाहीतर काय गेलं ते कळणार नाही. २०१२ चा पावसाळा कोरडा गेला आणि २०१३ च्या उन्हाळ्यात मराठवाड्यातल्या मोसंबीवर कुऱ्हाड आली. ही कुऱ्हाड खरोखरची, लोखंडाची. अंबड, जालना, पैठण, जिकडे जावं तिकडे वाळलेल्या बागा तोडून सरपणाचे ढीग लावलेले. आमच्या विहिरीने फेब्रुवारीतच तळ दाखवला होता. दादांनी आईच्या पाटल्या मोडून टँकर घेतले. झाडाच्या बुडाशी उसाचं पाचट अंथरलं, दवाखान्यातून सलाइनच्या रिकाम्या बाटल्या गोळा करून आणल्या आणि एकेका झाडाला थेंबथेंब पाणी दिलं. दोनशे वीस बाटल्या रोज भरायच्या. मी उन्हाळ्याच्या सुट्टीत महिनाभर तेच काम केलं. संध्याकाळी दादा ओळीतून फिरत आणि पानाला हात लावून बघत, तापातल्या लेकराच्या कपाळाला लावावा तसा.

झाडं जगली. जूनमध्ये पाऊस वेळेवर आला. मोसंबीला फुलावर आणायचं तर आधी पाणी तोडून ताण द्यावा लागतो. त्या वर्षी ताण दुष्काळानेच एवढा दिला होता, की पहिल्या पावसानंतर झाडं फुलांनी पांढरी झाली. असा मृगबहार दादांनीही पाहिला नव्हता. ती फळं मार्चमध्ये तोडीला आली होती. व्यापारी बाग बघून इसार देऊन गेला होता. तोड पुढच्या सोमवारी ठरली होती.

महाशिवरात्रीपासून आभाळ बिघडलेलं होतं. रोज कुठल्या ना कुठल्या जिल्ह्यातून गारांच्या बातम्या येत होत्या. त्या दुपारी ऊन चटका देणारं होतं, हवा मात्र कोंदट, अंगाला चिकटणारी. चारच्या सुमारास पश्चिमेला ढग उभा राहिला. पसरलेला नव्हे, उभा. खाली काळा, मध्ये हिरवट निळा. तो रंग मी पूर्वी पाहिला नव्हता. वारा एकदम पडला. गोठ्यातल्या गाईने कान टवकारले आणि दावं ओढायला सुरुवात केली. आई डोळ्याला पट्टी बांधून ओसरीवर बसली होती. ती म्हणाली, "बाई, थंड कामून वाटायलंय एकदम?"

पहिली गार गोठ्याच्या पत्र्यावर पडली तेव्हा कुणी दगड मारला असं वाटलं. मग दुसरी. मग एकेक आवाज वेगळा राहिलाच नाही. पत्र्याखाली आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत ओरडत होतो आणि ऐकू काहीच येत नव्हतं. गारा सरळ पडत नव्हत्या, वाऱ्याबरोबर आडव्या येत होत्या. आधी बोराएवढ्या, नंतर लिंबाएवढ्या, मधूनच एखादी अंड्याएवढी, कंगोऱ्यांची. दादा डोक्यावर घमेलं धरून बागेकडे निघाले. भावाने त्यांना मागून मिठी मारून धरलं. बाप-लेकांना तसं झटताना मी कधी पाहिलं नव्हतं. आईने हात चाचपडत चुलीजवळचा तवा उचलला आणि अंगणात पालथा फेकला. माझी आजी असंच करायची. लोखंड पडलं की गारा थांबतात, असं ती सांगे. मी भूगोलाची शिक्षिका; त्या वेळी मलाही वाटलं, थांबू दे.

पंधरा-वीस मिनिटं चाललं असेल. थांबल्यावर जी शांतता आली तिची मला अजून आठवण येते. अंगण पांढरं. बांध पांढरा. रस्ता पांढरा. शेजारच्या वस्तीवरची पोरं पातेली घेऊन धावत आली आणि गारा भरू लागली. कुणीतरी मोबाइलवर फोटो काढत म्हणालं, "काश्मीर झालं की!" नंतरच्या दोन दिवसांत हे वाक्य मी दहा जणांकडून ऐकलं. वाईट हेतूने कुणीच बोललं नव्हतं. पांढऱ्या शेताला दुसरी उपमाच आमच्याजवळ नव्हती.

बागेत पाऊल टाकलं तेव्हा आधी वास आला. मोसंबीच्या सालीचा, चिरडलेल्या पानांचा, गोड आणि कडू, इतका दाट, की बाजारात हजार फळं एकदम सोलल्यासारखा. फळं जमिनीवर, गारांमध्ये, हिरवी-पिवळी. वर राहिली होती त्यांनाही खड्डे पडलेले. पानं उरली नव्हती. भर फाल्गुनात दोनशे वीस झाडं उघडी. चौथ्या ओळीत एका झाडाखाली सात-आठ पोपट मरून पडले होते, पंख पसरून. दादा तिथे थांबले. त्यांनी फळाला हात लावला नाही. खोडाजवळ बसले आणि पश्चिमेच्या अंगाला बोटं फिरवली. साल फुटली होती. आत पांढरं लाकूड दिसत होतं.

"फळ गेलं ते गेलं," ते म्हणाले. "हे बघ. हे खरं लागलंय."

शेजारचा गहू ओंब्यांसकट जमिनीत रुतला होता. हरभऱ्याचे घाटे फुटून दाणे मातीत गेले होते. शाळू ज्वारी आडवी झाली आणि पुढच्या आठवडाभर पाऊस येत राहिल्याने कणसातच काळी पडली. पलीकडच्या शिवारात मेंढरांचा कळप उघड्यावर सापडला. त्याबद्दल मी लिहीत नाही.

त्या संध्याकाळी मी एक गार विळीवर धरून दुभंगवली. आत कांद्यासारखे पापुद्रे होते, एक दुधी, एक काचेसारखा, पुन्हा दुधी. हे मी वर्गात फळ्यावर काढत आले होते. उन्हाळ्याच्या तोंडावर जमीन तापते, दमट हवा वेगाने वर चढते. वर, गोठणबिंदूच्याही पलीकडे, पाण्याचे थेंब गोठणबिंदूखाली जाऊनही पाणीच राहिलेले असतात. ते बर्फाच्या कणाला चिकटतात. खालून येणारा झोत कणाला वर तोलून धरतो आणि त्याच्यावर थरावर थर चढत राहतात. वजन झोताला पेलेनासं झालं, की गार सुटते. वरची हवा जितकी थंड आणि खालची जितकी तापलेली व दमट, तितका झोत जोरकस. ती थंड हवा आणणारे पश्चिमी झंझावात भूमध्य समुद्राच्या बाजूने निघून हिवाळ्यात उत्तर भारतावरून जातात. काश्मीरात आणि हिमाचलात बर्फ पडतो तो त्यांच्यामुळेच. पंजाबातल्या गव्हाला त्यांचाच पाऊस लागतो. त्या फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांचा प्रभाव दक्षिणेला आमच्यापर्यंत पोहोचला आणि इथे त्याला समुद्रावरून आलेली दमट हवा मिळाली. म्हणजे ‘काश्मीर झालं’ म्हणणारा अगदीच चुकला नव्हता. बर्फ एकाच घरातला होता. फक्त तो इथे आला तेव्हा झाडावर फळं होती.

हे मला त्या दिवशी नीट सुचलं नाही. सुचलं ते धाकट्या भावाशी बोलताना. तो कॅनडात, अटलांटिकच्या काठावर हॅलिफॅक्सला नोकरीला होता. मी त्याला बागेचे फोटो पाठवले आणि त्याचा लगेच फोन आला. तो बराच वेळ बोललाच नाही. दादांनीच विषय काढला. त्यांना तिथल्या बर्फाविषयी कुतूहल होतं. हिवाळाभर त्याने पाठवलेले कंबरभर बर्फाचे फोटो त्यांनी शेजाऱ्यांना दाखवले होते.

"तुमच्याकडं तर महिना महिना पडून राहतो. झाडं कशी जगतात?"

"दादा, इथली झाडं आधीच पानं टाकून देतात. दिवस लहान व्हायला लागले की त्यांना कळतं. रस आत ओढून घेतात आणि झोपतात."

"म्हणजे ठाऊक असतं त्यांना."

"असतं."

मग त्याने एक गोष्ट सांगितली, जी त्याला तिथल्या शेजाऱ्यांनी सांगितली होती. २००३ च्या सप्टेंबरअखेरीस ‘वान’ नावाचं चक्रीवादळ हॅलिफॅक्सवर आलं. रस्त्याकडेची झाडं पानांनी भरलेली होती. शहरातली आणि समुद्राकाठच्या मोठ्या उद्यानातली हजारो झाडं उन्मळली. पाचच महिन्यांनी, २००४ च्या फेब्रुवारीत, बर्फाचं वादळ आलं. एका दिवसात जवळजवळ ९० सेंटिमीटर बर्फ. गाड्या दिसेनाशा झाल्या, आणीबाणी जाहीर झाली. लोकांनी त्याला ‘पांढरा वान’ म्हटलं. पण बोलता बोलता ती माणसं आजही हळहळतात ती सप्टेंबरमधल्या झाडांसाठी. बर्फ त्यांनी फावड्याने उपसला आणि वसंतात उरलेला वितळला.

दादा ऐकत राहिले. त्यांनी मान हलवली, जणू पलीकडच्या गावातल्या ओळखीच्या शेतकऱ्याची हकिकत कळली.

व्यापारी परत आला नाही. इसार दादांनी स्वतःहून फेडला. पंचनाम्याला माणसं आली. क्षेत्र, पीक, नुकसानीची टक्केवारी लिहून घेतली. लोकसभेची निवडणूक जाहीर होऊन आचारसंहिता लागलेली होती, म्हणून मदतीच्या घोषणेला निवडणूक आयोगाची परवानगी लागली. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात राज्य सरकारने सुमारे चार हजार कोटींचं पॅकेज जाहीर केलं. जिरायतीला हेक्टरी दहा हजार, बागायतीला पंधरा, फळबागेला पंचवीस. मदत मिळाली आणि तिचा उपयोग झाला, हे मी इथे मुद्दाम लिहिते. पण कागदावर त्या वर्षीचं फळ होतं. सालीचं कुणी विचारलं नाही. मोसंबीची साल फुटली की बुरशी शिरते, डिंक्या होतो, आणि झाड लगेच मरत नाही. तीन-चार वर्षं घेतं. ते नुकसान कोणत्या रकान्यात मांडायचं?

म्हणून रडण्याला वेळ नव्हता. मोरचूद आणि चुना वेगवेगळे भिजवून, एकत्र करून बोर्डो पेस्ट केली. मोडक्या फांद्या धारदार करवतीने स्वच्छ कापल्या. चाकूने सालीच्या चिंधड्या काढून जखमेच्या कडा नीट केल्या आणि पेस्ट लावली. मी शनिवार-रविवारी यायची. हात कोपरापर्यंत निळे. आई पट्टी निघाल्यावर काळा चष्मा लावून आमच्याबरोबर बसली. खालच्या जखमा तिच्या, वरच्या माझ्या. ती काही बोलत नसे, पण एखादी जखम फार खोल असली, की बोट आत घालण्याआधी क्षणभर थांबे.

होळी झाली. आम्ही पोळी केली, बोंब मात्र कुणी मारली नाही. मग नाथषष्ठीच्या दिंड्या रस्त्याने पैठणकडे निघाल्या. दरवर्षी दादा वारकऱ्यांना टोपल्या भरून मोसंबी देत. त्या वर्षी त्यांनी रांजण भरून पाणी ठेवलं आणि स्वतः तांब्याने वाढत उभे राहिले. दिंडीतले निम्मे लोक शेतकरी, त्यांच्याही गावाला हेच झालेलं. एका म्हाताऱ्या वारकऱ्याने बागेकडे पाहिलं, आत आला, निळ्या खोडावर हात ठेवला आणि काही न बोलता पुन्हा दिंडीत गेला.

पुढच्या आठवड्यात, २७ मार्चच्या सकाळी, भावाचा फोन आला. त्याच्याकडे अजून २६ ची रात्र होती. समुद्रावरून बर्फाचं वादळ आलं होतं, शाळा बंद, बस बंद, वाऱ्याने घराच्या भिंती कुरकुरत होत्या. मार्च संपत आला तरी हे, असं तो म्हणत होता. आवाजात काळजी होती. मी फोनचा स्पीकर चालू केला. दादा सातव्या ओळीत जखमेला पेस्ट लावत होते. त्यांनी हात न थांबवता सगळं ऐकून घेतलं. घरात खायला आहे का, ऊब आहे का, विचारलं. मग थोडा वेळ गेला.

"तिकडच्या झाडांना पानं आलीत का रे?"

"नाही दादा. मे महिन्यात येतात."

"मग पडू दे," दादा म्हणाले, आणि ब्रश पुन्हा डब्यात बुडवला.