आईचे तिकीट

मध्यमवर्गीय माणसाला शहर दाखवायचे तर आधी त्याचे पाकीट काढून घ्यावे, असे माझे मत आहे. समोरच्या राजवाड्याचे तिकीट किती, त्याचे आपले रुपये किती, आणि तेवढ्यात घरी काय काय आले असते, हे त्रैराशिक सुटेपर्यंत राजवाडा मागे पडलेला असतो.

या दुखण्यावर बर्लिन शहराने पर्यटकांच्या पासाचा उतारा काढला आहे. धाकट्या बहिणीकडे गेलो तेव्हा तिने आमच्या हाती एकेक पास ठेवला. ७२ तास बस, ट्राम, भुयारी गाडी हवी तितकी. शिवाय संग्रहालयांच्या बेटावर प्रवेश. स्टेशनवरच्या यंत्रात सरकवून पासावर वेळेचा शिक्का उमटवायचा, की झाले. तिथे फाटकेच नाहीत. मात्र साध्या वेषातले तपासनीस अवचित डब्यात उभे राहतात, आणि बिनतिकिटाला ६० युरो दंड बसतो.

माझ्याबरोबर आई होती. तिचे एक वाक्य आमच्या घरात सर्वांना पाठ आहे : “तुम्ही जाऊन या रे, मी इथं बाकावर बसते.” सर्कशीच्या तंबूबाहेर बसली, किल्ल्याच्या पायथ्याशी बसली. पाय दुखतात हे सांगायचे कारण; खरे कारण तिकिटाच्या खिडकीवर लिहिलेले असते.

बर्लिनमध्येही तिने बाक हेरलाच. मी म्हटले, “आई, पैसे भरून झालेत. तू बाहेर बसलीस तर ते फुकट जातील.”

फुकट जातील! जिने कधी दोऱ्याचा तुकडा फुकट जाऊ दिला नाही, ती पदर खोचून उठली.

युद्धात उद्ध्वस्त झालेले नॉयेस म्युझियम २००९ साली पुन्हा उघडले. दुरुस्ती करणाऱ्यांनी भिंतींवरच्या जुन्या जखमा सगळ्याच लिंपून टाकल्या नाहीत. तिथे इजिप्तची राणी नेफरतीती आहे, सुमारे ३३०० वर्षांपूर्वीची. तिच्या एका डोळ्यात बुबुळ आहे, दुसरा रिकामा. आई तिच्यापुढे बराच वेळ उभी राहिली. “एक डोळा करायचा राहिला वाटतं,” ती म्हणाली, “पण बघते कशी सरळ!”

पाय दमले की आम्ही शंभर नंबरच्या दुमजली बसमध्ये बसत असू. १९८९ साली भिंत पडली आणि १९९० साली पूर्व-पश्चिम बर्लिन जोडणारी ही बस सुरू झाली. प्राणिसंग्रहालयापासून निघून पार्लमेंटवरून ती अलेक्झांडरप्लाट्झला जाते. आईने खिडकीशी बसून तीच फेरी तीनदा केली. वेगळे पैसे पडत नव्हते ना!

काटकसर आम्हांला आईने शिकवली, असे आम्ही कौतुकाने सांगतो. ती तिने कोणाच्या वाट्यातून केली, हे तिने अडवलेले बाक मोजले की कळते. अशा माणसाला “येतेस का?” म्हणून विचारणे म्हणजे त्याच्यापुढे हिशेबाची वही ठेवणे. आईला विचारू नये. तिचे तिकीट आधी काढून ठेवावे.