चला, सोलंगच्या बर्फावर!

बालमित्रांनो, बर्फ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? काडीवरचा कालाखट्टा गोळा? उसाच्या रसात टाकलेले खडे? की मासळीबाजारात माशांवर पसरलेला चुरा? आपल्याकडे बर्फ कारखान्यातून येतो, तोही गोणपाटात गुंडाळून. पण आपल्याच देशात अशीही गावं आहेत, जिथे बर्फ आभाळातून पडतो, अंगणात साठतो, छपरांवर चढून बसतो. आणि तिथली तुमच्याएवढी मुलं पायांना लांब फळ्या अडकवून त्यावरून सुळकन घसरत जातात. या खेळाचं नाव स्कीइंग. तो शिकायला परदेशातच जावं लागतं असं नाही. त्यासाठी आपल्या हिमाचल प्रदेशात एक छोटंसं, नवशिक्यांना सांभाळून घेणारं ठिकाण आहे. त्याचं नाव सोलंग नाला.

हे नाव ऐकून आमच्या घरी पहिल्यांदा हशाच पिकला. सातवीतला माझा भाचा म्हणाला, "आत्या, नाला बघायला एवढ्या लांब जायचं? आपल्या गल्लीत आहे की!" पण तिकडे नाला म्हणजे डोंगरातून खळाळत येणारा ओढा. त्या ओढ्याच्या दरीलाही त्याच नावाने ओळखतात. मनालीपासून साधारण १३ किलोमीटर वर ही दरी आहे. फेब्रुवारीत शाळेतून रजा काढून मी, माझी चौथीतली मुलगी आणि हा भाचा असे तिघं निघालो.

मुंबईहून रेल्वेने चंदीगड आणि तिथून रात्रीच्या बसने मनाली. हा बसचा प्रवास जवळजवळ ३०० किलोमीटरचा. पहाटे जाग आली तेव्हा खिडकीबाहेर बियास नदी होती. पंजाबातल्या पाच नद्यांपैकी ही एक. भूगोलाच्या पुस्तकात ती नकाशावरची निळी रेघ असते. इथे ती गोल गोट्यांवरून उड्या मारत, फेसाळत आमच्या बसच्या उलट दिशेने धावत होती. जसजशी बस वर चढत गेली, तसतसे डोंगरांचे माथे पांढरे होत गेले.

महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कोणतं? बरोबर, कळसूबाई. उंची १६४६ मीटर. मनाली गावच मुळी २००० मीटरच्या आसपास वसलेलं आहे आणि सोलंग सुमारे २५०० मीटरवर. म्हणजे कळसूबाईच्या डोक्यावर आणखी निम्मी कळसूबाई ठेवली, की सोलंगची उंची येते! दोन्ही मुलांनी हे गणित बसमध्येच तोंडी सोडवलं.

मनालीहून सोलंगला जाताना रस्त्याच्या कडेला ओळीने दुकानं लागतात. त्यांच्यावर मोठाले आकडे रंगवलेले असतात. इथे भाड्याने जाड कोट-पँट, हातमोजे आणि गमबूट मिळतात. लाल, पिवळे, जांभळे कोट चढवून आम्ही तिघं बाहेर आलो, तर एकमेकांना ओळखूच येईना. पुढे पलचान गावाशी फाटा फुटतो. उजवीकडचा रस्ता रोहतांग खिंडीकडे जातो, डावीकडचा सोलंगला. सोलंगच्या पुढे हाच रस्ता अटल बोगद्यापर्यंत जातो. नऊ किलोमीटर लांबीचा हा बोगदा ऑक्टोबर २०२०मध्ये सुरू झाला. त्याआधी हिवाळ्यात रोहतांग बर्फाने बंद झाली, की पलीकडच्या लाहौलमधल्या लोकांचा रस्त्याने संपर्क कित्येक महिने तुटायचा.

गाडीतून उतरलो आणि तिघंही गप्प झालो. समोर पांढरंशुभ्र पटांगण, त्याच्या मागे उताराचा डोंगर, कडेला देवदारांची काळपट हिरवी रांग, आणि त्या सगळ्यांच्या वर जवळजवळ सहा हजार मीटर उंचीचं हनुमान टिब्बा शिखर. थोड्या वेळाने माझी मुलगी हळूच म्हणाली, "आई, इथे आवाजच येत नाहीये." खरंच होतं ते. ताजा बर्फ भुसभुशीत असतो. त्याच्या कणांमध्ये हवेच्या असंख्य पोकळ्या असतात आणि त्या आवाज शोषून घेतात.

काश्मीरमधलं गुलमर्ग यापेक्षा खूप मोठं. तिथे पट्टीचे खेळाडू जातात. सोलंगचा खालचा उतार मात्र लहान आणि सौम्य आहे. तो संपतो तिथे सपाटी आहे, त्यामुळे थांबता आलं नाही तरी नवशिका आपोआप हळू होत थांबतो. शिवाय आईबाबा खाली उभे राहिले, तर त्यांना हा उतार नजरेच्या टप्प्यात राहतो. पहिल्यांदा शिकणाऱ्याला याहून जास्त काय हवं?

आम्हांला शिकवायला जवळच्याच गावातला एक तरुण होता. मुलं त्याला भैया म्हणू लागली. आधी त्याने बूट दिले. हे बूट म्हणजे प्लॅस्टिकचे किल्लेच! घोटा जराही हलत नाही. ते घालून मुलं यंत्रमानवासारखी चालायला लागली. मग बूट पुढून फळीत सरकवायचा आणि टाच जोरात दाबायची. 'खट्' असा आवाज आला, की बूट पक्का बसला. पण जोरात पडलं, तर हाच खटका आपोआप सुटतो आणि पाय मुरगळण्यापासून वाचतो.

आता वाटलं, भैया घसरायला शिकवणार. पण त्याने पहिला धडा दिला तो पडण्याचा! पुढे पडायचं नाही, मागे पडायचं नाही, कुशीवर पडायचं. हातातल्या काठ्या अंगापासून दूर धरायच्या. मग उठण्याचा धडा. फळ्या उताराला आडव्या करायच्या, नाहीतर उठता उठता पुन्हा घसरायला होतं. मग चढण्याचा. शिडीच्या पायऱ्या चढाव्यात तसं, पण आडवं उभं राहून, एकेक पाऊल बाजूला टाकत.

आणि मग थांबायचं कसं? फळ्यांची पुढची टोकं जवळ आणायची, मागची लांब करायची. वरून पाहिलं तर कौलारू घराच्या छपराचा आकार दिसतो. टाचा बाहेर ढकलल्या, की फळ्यांच्या कडा बर्फात रुततात आणि वेग कमी होतो. याला इंग्रजीत स्नोप्लाऊ म्हणतात, म्हणजे बर्फातला नांगर. डावीकडे वळायचं असेल तर उजव्या पायावर भार द्यायचा आणि उजवीकडे वळायचं तर डाव्या पायावर. ऐकताना उलटं वाटतं ना? करून पाहिलं की पटतं.

माझ्या मुलीला पडण्याची मजाच वाटत होती. भाच्याचं मात्र बिनसलं. वर्गात पहिला येणारा मुलगा हा. पहिल्याच खेपेला तो आपटला, दुसऱ्या खेपेलाही. तेवढ्यात गावातली सहा-सात वर्षांची एक चिमुरडी काठ्यांशिवाय त्याच्या शेजारून भुर्रकन निघून गेली. झालं! त्याने हातमोजे काढून फेकले. "मला नाही जमणार. सगळे हसतायत. मी खाली बसतो."

मी त्याच्याकडे जायला निघाले, पण भैयाने मला हाताने थांबवलं. तो भाच्याशेजारी बर्फात बसला आणि विचारलं, "कितनी बार गिरे?"

"चार."

"बस? दोपहर तक दस बार गिरना है. दस पूरे होंगे, तब चाय मिलेगी."

भाचा त्याच्याकडे बघतच राहिला. पडण्यासाठी बक्षीस? पण चहा हवा होता आणि हात गारठले होते. उठला बिचारा. पाच झाले. सहा झाले. सातव्या वेळी पडला तो स्वतःच हसत. मग पुन्हा वर चढला, निघाला आणि छपराचा आकार करत थेट खालपर्यंत येऊन थांबला. पुन्हा गेला, पुन्हा थांबला. तिसऱ्या खेपेनंतर तक्रार घेऊन आला, "भैया, आता पडायलाच होत नाहीये. मग चहाचं काय?"

चहा मिळाला. तीनच वेळा कमी पडला म्हणून भैयाने बिस्किटं मात्र कापून घेतली!

मी शाळेत शिकवते, म्हणून हा धडा माझ्या नीट लक्षात राहिला. आपल्याकडे चुकीला लाल शाईचा गोल मिळतो. इथे चूक ही शिकण्याच्या मोजपट्टीवरची एक खूण होती. पालकहो, मुलं पहिल्यांदा पोहायला, सायकल चालवायला किंवा भागाकार करायला लागली, की त्यांनाही असंच 'दहा वेळा पड' म्हणून पाहा.

आता थोडं विज्ञान. नुसत्या बुटांनी ताज्या बर्फात पाय रुततो, मग फळीवर का नाही? तुम्ही दाबाविषयी शिकला असाल. तेच वजन जास्त क्षेत्रफळावर पसरलं, की दाब कमी होतो. समजा, तुमचं पाऊल २० सेंटिमीटर लांब आणि ८ सेंटिमीटर रुंद आहे. म्हणजे सुमारे १६० चौरस सेंटिमीटर. १२० सेंटिमीटर लांब आणि तेवढ्याच रुंदीच्या फळीचं क्षेत्रफळ होतं ९६०. सहापट! म्हणून बर्फावरचा दाब सहापट कमी होतो. आणि फळी घसरते का? ती बर्फावर घासली जाते तेव्हा उष्णता निर्माण होते आणि फळीखाली पाण्याचा अतिशय पातळ थर तयार होतो. तो वंगणासारखं काम करतो.

आपल्या देशाने या खेळात नावंही कमावली आहेत. १९६४ साली इन्सब्रुकच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये जेरेमी बुजाकोव्स्की भारतातर्फे स्कीइंगमध्ये उतरले. हिवाळी ऑलिंपिक खेळणारे ते पहिले भारतीय. सोलंगजवळच्या बुरुआ गावची आंचल ठाकूर हिने जानेवारी २०१८मध्ये तुर्कस्तानातल्या स्पर्धेत कांस्यपदक मिळवलं. आंतरराष्ट्रीय स्कीइंगमध्ये भारताला मिळालेलं ते पहिलं पदक. तिचा भाऊ हिमांशू २०१४च्या सोची ऑलिंपिकमध्ये खेळला होता. मनालीजवळच्या वशिष्ठ गावच्या शिव केशवनचा खेळ वेगळा, ल्यूज म्हणजे बर्फावरच्या घसरगाडीचा. तो सहा हिवाळी ऑलिंपिक खेळला. सरावासाठी बर्फाची घसरण नव्हती, तेव्हा त्याने आपल्या गाडीला चाकं लावली आणि डोंगरातल्या डांबरी रस्त्यांवर सराव केला!

चहा पिताना मी भैयाला विचारलं, "हिवाळा संपला की काय करतोस?" म्हणाला, "सफरचंदाची बाग आहे." मग आभाळाकडे बघून म्हणाला, "दीदी, दोन्ही बर्फावरच चालतं. बर्फ आला तर शिकायला माणसं येतात आणि झाडालाही थंडी मिळते."

त्याचं बोलणं खरं आहे. सफरचंदाच्या झाडाला हिवाळ्यात ठरावीक काळ कडक थंडी मिळाली नाही, तर वसंतात फुलं नीट येत नाहीत. हा बर्फ येतो तो पश्चिमेकडून, थेट भूमध्य समुद्राच्या दिशेने येणाऱ्या वाऱ्यांमुळे. पण अलीकडे त्यांचा भरवसा राहिलेला नाही. २०२४चा जवळजवळ सगळा जानेवारी हिमाचलात कोरडा गेला. बर्फ पडला तो महिना संपता संपता. त्याच्या आदल्याच वर्षी, जुलै २०२३मध्ये, बियासला महापूर आला आणि कुल्लू-मनालीचा रस्ता ठिकठिकाणी वाहून गेला. एकदा पाणी नाही म्हणून संकट, एकदा पाणी फार म्हणून. डोंगरातल्या माणसांना दोन्ही सोसावं लागतं.

आणि आपण पाहुणे काय करतो? बर्फ जिथे वितळला होता, तिथे चिप्सची पाकिटं आणि प्लॅस्टिकचे पेले वर आले होते. हे पाणी शेवटी बियासलाच मिळतं आणि पुढे पंजाबच्या शेतांत जातं. परत निघताना दोन्ही मुलांनी एक पिशवी भरून कचरा गोळा केला. पिशवी भरली, पण कचरा काही संपला नव्हता.

तुम्हांला जायचं असेल तर काही गोष्टी ध्यानात ठेवा. साधारण जानेवारी ते मार्चची सुरुवात हा काळ चांगला, पण निघण्याआधी बर्फ आहे का, याची चौकशी करा. सकाळी लवकर पोहोचा, दुपारी बर्फ मऊ पडतो आणि गर्दीही वाढते. काळा चष्मा हवाच, कारण ताजा बर्फ बहुतेक सगळा उजेड परत डोळ्यांवर फेकतो. मोजे दोन जोड न्या, एक भिजणारच. शिकवणारा प्रशिक्षित आहे ना, हे विचारा. किती वेळ आणि किती पैसे, ते आधी ठरवा. हेल्मेट मागून घ्या. आणि हातात वेळ असेल, तर मनालीतल्या पर्वतारोहण संस्थेची माहिती काढा. १९६१पासून चालणारी ही संस्था स्कीइंगचे रीतसर वर्ग घेते.

आणि हो, पडण्याची मोजणी जरूर ठेवा. माझ्या मुलीची गेली एकतीसवर. घरात तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही!